लाल क्रेटमधली चित्रं

साठी उलटलेल्या माणसाने बेडूक व्हावं की नाही, हे मला कुणी विचारलंच नाही. वर्गाच्या पहिल्या दिवशी मी क्लबहाऊसच्या फरशीवर उकिडवा बसलो, देवाचं नाव घेतलं आणि उडी मारली. समोर आरव नावाचे चार वर्षांचे गृहस्थ उभे होते. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही उडी कधी मारणार?"

तेव्हापासून मी बेडूकआजोबा. आडनाव साळवी आहे, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय.

दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी विचारलं, "कोणत्या कामाच्या?" कारण माझी दोन कामं झाली आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटणं शक्य नाही. पहिलं चाकणच्या एका कंपनीत, क्वालिटीला. गाडीच्या दाराच्या आत एक पत्र्याची पट्टी असते. तुम्ही ती पाहिलेली नाही, पाहणारही नाही. ती सरळ आहे की नाही हे बघण्यात माझी सगळी उमेद गेली. सरळ असली तर ओके, नसली तर नापास. मधलं काही नाही. दुसरं काम बायकोच्या हाताखाली. तिथे सगळंच मधलं.

बायको, म्हणजे सुमन, महापालिकेच्या बालवाडीत शिकवायची. निवृत्त झाल्यावर काही महिने ती घरात अशी फिरत होती, की भांडीसुद्धा तिला घाबरून रांगेत बसायला लागली. मग आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत, क्लबहाऊसच्या हॉलमध्ये, तिने लहान मुलांसाठी वर्ग काढला. रंग आणि हालचाल, एवढंच. दारावरच्या पाटीला कमिटीच्या आग्रहाखातर एक झकपक इंग्रजी नाव आहे, ते अजून एकाही मुलाला उच्चारता आलेलं नाही. मुलं म्हणतात 'धिंगाणा'. "आई, आज धिंगाणा आहे का गं?" बारसं करावं तर मुलांनीच.

माझी नेमणूक मदतनीस म्हणून झाली. म्हणजे बादली भरणे, फरशी पुसणे आणि लागेल तेव्हा बेडूक होणे.

या धंद्यात असतं काय, ते थोडक्यात सांगतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला आधी हलवून घ्यायचं, मग रंगाला बसवायचं. उलट केलंत तर ते रंगासकट हलतं. आणि हलवायचं म्हणजे कवायत नव्हे. सुमन म्हणते, "आपण कणकेचे गोळे आहोत आणि कुणीतरी आपल्याला लाटतंय," की सगळी पोरं फरशीवर पसरतात. "मांजर दूध प्यायला निघालंय, घरात कुणाला कळता कामा नये," म्हटलं की तीच पोरं चवड्यांवर, श्वास रोखून, भिंतीपर्यंत जाऊन येतात. मी एकदा हौसेने विचारलं, "सांगा, आज कोणता प्राणी व्हायचं?" एका सुरात उत्तर आलं, "जेसीबी!" चुकलं काय त्यांचं? वाघ त्यांनी पाहिलाय पुस्तकात. जेसीबी रोज खिडकीत.

रंग आमचे घरचे. गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची आणि त्यात खायचा रंग घालायचा, कारण या वयात चित्र आधी चाखतात आणि मग काढतात. एकदा पिवळा संपला. मी डोकं चालवलं आणि खळीत हळद ओतली. रंग असा खुलला की मी स्वतःवर खूश. संध्याकाळी आरवची आई दारात. मागे कोपरापर्यंत पिवळा आरव.

"काका, तुम्ही परस्पर याला हळद लावलीत. आता नवरी कुठंय ते तरी दाखवा!"

मग 'पुतळा' नावाचा एक खेळ आहे. पुतळा म्हटलं की जसे असाल तसे थांबायचं, 'सुटला' म्हणेपर्यंत. सुमन बाजारात गेली असताना मी एकदा जोरात 'पुतळा!' ओरडलो आणि नेमका जुन्या मित्राचा फोन आला. कंपनीतल्या बढत्यांचा विषय निघाला, तो काही लवकर मिटत नाही. बोलत बोलत मी बाहेर गेलो. परत आलो तर सुमन दारात पिशवी घेऊन उभी, आणि आत एका पायावर, वाकून, जीभ बाहेर काढून, लटपटत, पण अजून न सुटलेले पुतळे.

"शिका यांच्याकडून," ती म्हणाली. "पुतळा म्हटलं की पुतळा. मी लग्नापासून तुम्हाला 'गप्प' म्हणतेय."

पण सगळ्यात अवघड नियम रंगाचा. मुलाला 'हे काय काढलंस?' असं कधी विचारायचं नाही. मी विचारलं होतं. उत्तर आलं, "चित्र. तुम्हाला दिसत नाही का?" विचारायचं ते असं, "मला सांग ना याच्याबद्दल." आणि मग तोंड मिटून ऐकायचं. दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक चित्राच्या शेवटी चिखल येतो. आधी लाल, हिरवा, पिवळा अगदी सुरेख पसरतात. आपण म्हणतो वा! पण मूल थांबत नाही. बघता बघता कागदाचं म्हशीचं डबकं होतं. माझे हात शिवशिवायचे, की डबकं व्हायच्या आत कागद ओढून घ्यावा. सुमन हातावर चापट मारायची. "संपलं की नाही ते तुम्ही ठरवायचं नाही. ती तुमची पट्टी नव्हे."

ही ओली चित्रं वाळवायची कुठे? मी कुदळवाडीच्या भंगारातून प्लॅस्टिकचे क्रेट आणले, धुतले आणि दारापाशी रांगेत लावले. टवटवीत लाल रंगाचे. मुलांना आवडले. मलाही आवडले. आता पुढचं ऐका.

मागच्या वर्षी सोसायटीत एक अबॅकसचा वर्ग आला आणि त्यांनाही आमच्याच वेळेला हॉल हवा झाला. सोसायटीचे सेक्रेटरी टिळेकर साहेब. मोठ्या कारखान्याचे प्रमुख होते. निवृत्त झाले तरी चालताना दोन्ही बाजूंना मशिनं असल्यासारखे चालतात. त्यांनी मला बोलावलं.

"साळवी, अबॅकसची मुलं तोंडी बेरजा करतात. तुमची काय करतात?"

"बेडूक होतात, साहेब."

"ते झालं. आउटपुट काय?"

मी विचार केला. "कधीकधी जेसीबी होतात."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. दिवाळीआधीच्या रविवारी प्रदर्शन भरवा, कमिटी येईल, बघेल आणि हॉल कुणाला द्यायचा ते तिथेच ठरवेल, असा निकाल झाला. मी घरी येऊन सांगितलं. जिथे फरशी धुता येते, हातांसाठी नळ आहे आणि पोरांनी आरडाओरडा केला तर खालचा मजला तक्रार करत नाही, अशी दुसरी जागा आमच्या आवाक्यात नव्हती. हॉल गेला असता तर धिंगाणा बंद. आणि धिंगाणा बंद म्हणजे सुमन पुन्हा भांड्यांना रांगेत बसवणार. मला ती एकदम म्हातारी दिसली, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. अंक ती वाचते, त्यामुळे आता कळेलच.

प्रदर्शनाची कल्पना तिचीच. पालकांनी चित्रं घरी न्यायची, मुलाने त्याबद्दल काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत मागे लिहून आणायचं. म्हणजे कमिटीला नुसतं डबकं दिसणार नाही, डबक्यातली गोष्टही वाचता येईल. पालकांच्या ग्रुपवर टाकायचा मेसेज तिने मला तोंडी सांगितला. "लिहा. प्रिय पालक, आपल्या बाळाचं चित्र घरी न्या. त्याला जवळ बसवा. ते काय सांगतं ते मध्ये न बोलता ऐका..." असं बरंच होतं. मला कंपनीची सवय. लांब मेसेज कोण वाचतो? मी त्यातली चरबी काढली आणि टाकला:

'चित्रे दाराजवळच्या लाल क्रेटमध्ये आहेत. घरी नेऊन बघून घ्यावीत. रविवारी प्रदर्शनाआधी जमा करावीत. — साळवी.'

ओळी मोजक्या, सूचना स्वच्छ. संध्याकाळपर्यंत क्रेट रिकामे. मी सुमनला म्हटलं, "बघ, रिस्पॉन्स बघ!"

रविवारी सकाळी चित्रं जमा व्हायला लागली, येतील तशी भिंतीवर लावायची होती. पहिलं मी हातात घेतलं. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी. वर लॅमिनेशन. मला वाटलं, चुकून मोठ्या भावाचं आलं. दुसऱ्यात दोन डोंगर, मध्ये सूर्य. तिसऱ्याला मास्किंग टेप लावून काढलेली चौकट, इतकी सरळ की माझा जुना ऊर भरून आला. एक बाबा कंपनीत डिझाइनला आहेत. त्यांनी आरवच्या, हो, त्याच आरवच्या, लाल ठिपक्याची गाडी केली होती. समोरून, बाजूने आणि वरून. मापांसकट, वर लॅमिनेशन करून. कंपनीत गाड्या रंगवणाऱ्या एका पेंटशॉपवाल्याने चित्रावर असा चकचकीत हात मारला होता की त्यात मला माझा चेहरा दिसला. पडलेला.

तेवढ्यात ज्ञानेश्वर येळवंडे आला. चाकणच्या पलीकडच्या गावचा, माझ्याच जुन्या कंपनीत वेल्डिंगला. त्याला सगळे माउली म्हणतात. मुलगी शिवन्या आमच्या वर्गात. तिच्या शाळेसाठी तो आमच्या सोसायटीच्या बी विंगमध्ये राहायला आलेला. थेट नाइट करून आला होता, युनिफॉर्मवर, डोळे लाल.

"सर, बघा आता. बसतंय का?"

कागदावर डोंगर होता. वर भलामोठा पिवळा सूर्य.

"माउली, हे काय केलंस?"

"रिवर्क."

"कशाचं रिवर्क?"

"आता तुमीच की, सर! लाल क्रेटमदी माल. वर तुमचा मेसेज, 'बघून घ्या'. आमी काय समजायचं? मंडळी म्हनली, पोरगी नापास झाली व्हय? म्हनलं, साळवी सरांच्या हाताखालनं आपला माल तरी कुटं एका दमात पास झालाय? काल नाइट करून आलो, झोपलो न्हाई. पैलं ते काळं सगळं बुजवलं. मग डोंगर टाकला. सूर्व्याला लई टाइम गेला, गोलच येईना. शेवटी वाटी ठिवली."

मी वळून दारापाशी रांगेत लावलेल्या लाल क्रेटांकडे बघितलं. कारखाना न पाहिलेल्यांसाठी सांगतो. लाल क्रेट म्हणजे नापास मालाचा क्रेट. आपण बनवलेली वस्तू लाल क्रेटमध्ये दिसली की कामगाराचा डबा गोड लागत नाही. आणि त्या क्रेटशेजारी उभा राहून क्वालिटीचा माणूस म्हणतो, "जरा बघून घ्या." याचा अर्थ बघा असा नसतो. घेऊन जा, ठोका, घासा, काय वाटेल ते करा, पण नीट करून आणा आणि मला पुन्हा बोलायला लावू नका, असा असतो. मी नोकरी केली ती या क्रेटवर आणि या शब्दांवर. आणि आमच्या पालकांत निम्मे बाप शॉपफ्लोअरचे. उरलेल्यांना त्यांनी अर्थ समजावून सांगितला. कंपनी सोडल्यापासून मी एकटाच तेवढा लाल रंगाकडे रंग म्हणून बघायला लागलो होतो.

सुमनने माझा फोन मागितला. मेसेज वाचला. रागावली असती तर मला पेलवलं असतं. ती म्हणाली, "छान. आटोपशीर आहे," आणि फोन परत दिला.

तेवढ्यात टिळेकर साहेब कमिटी घेऊन आत आले. भिंतीपाशी गेले, थांबले. एक चित्र, दुसरं, तिसरं.

"साळवी! अहो, हे आहे आउटपुट! काय फिनिश आहे! या वयात?"

कमिटीने माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "हॉलचा प्रश्नच मिटला." मी छताकडे बघितलं. सुमन माझ्याकडे बघत होती, ते न बघताही कळत होतं. हॉल वाचला होता. मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि लग्नापासून तिने मागितलेली ती एकच गोष्ट मी नेमकी त्याच दिवशी तिला देत होतो.

तिने बोलायला तोंड उघडलं. "साहेब, ही चित्रं मुलांची—"

दार धाडकन उघडलं आणि मुलंच आत आली. प्रदर्शन बघायला, नटून. भिंतीवर आपापलं चित्र शोधायला धावली. आणि हळूहळू आवाज बसत गेला. आरव स्वतःच्या गाडीसमोरून दोनदा गेला आणि म्हणाला, "माझं कुठंय?" शिवन्याला मात्र आपलं सापडलं, कोपऱ्यात खाली तिचे दोन पांढरे ठिपके माउलीने शाबूत ठेवले होते. मूळ चित्र मला आठवत होतं. काळंकुट्ट. मी ते मनातल्या मनात म्हशीच्या डबक्यांत टाकलं होतं. ती बघत राहिली आणि तिने मोठ्याने विचारलं,

"सुमनआजी, पप्पांना कुणी उठवलं?"

सुमन तिच्याशेजारी उकिडवी बसली. "मला सांग ना याच्याबद्दल."

"पप्पा झोपलेत ना, नाइट करून. आईने पडदा लावलाय. दार लावलंय. सगळा काळोख केलाय. हे माझे पाय." बोट त्या दोन ठिपक्यांवर. "मी हळूहळू चाललेय. आवाज नाही करायचा." मग बोट सूर्यावर गेलं आणि आवाज रडवेला झाला. "आणि हे बघ ना, कुणी लाइट लावली!"

माउली मागेच उभा होता. त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "आयला," एवढंच म्हणाला.

"काळा दे," शिवन्या म्हणाली.

सुमनने मान वळवली. "अहो, खळ आणा."

"साळवी, थांबवा तिला," टिळेकर साहेब म्हणाले. "चांगलं चित्र आहे ते, खराब करेल."

एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला सुमन. कंपनीत असतो तर वरिष्ठांचं ऐकलं असतं, इथेही ऐकलं. आतून काळ्या खळीचं पातेलं आणलं आणि शिवन्यासमोर ठेवलं.

माउलीने कागद भिंतीवरून काढला आणि गुडघे टेकून धरला. तिने तळहात बुडवला आणि बापाने वाटी ठेवून काढलेला सूर्य बापासमोर बुजवून टाकला. मग ओल्या काळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवून ती सगळ्यांकडे वळली. "शू!"

सुमन बालवाडीतली. असा क्षण ती सोडत नाही. हळूच म्हणाली, "घरात पप्पा झोपलेत बरं का. कोण कोण न उठवता जाऊन येतं?"

आणि नवीन कपड्यांतली ती सगळी टोळी चवड्यांवर उठली. हातांचे पंख, ओठ घट्ट, डोळे मोठे. हॉलमध्ये फक्त एक आवाज राहिला: टिळेकर साहेबांच्या बुटांची करकर. शिवन्या थांबली. तिने त्यांच्या बुटांकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. साहेबांचा एक पाय उचललेला होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही. ज्यांच्या एका शब्दावर कारखाना चालायचा, ते साहेब सोसायटीच्या हॉलमध्ये एका पायावर पुतळा झाले.

ही शांतता आरवने मोडली. लॅमिनेशनवर रंग बसेना म्हणून त्याने भोकाड पसरलं आणि पातेल्यात दोन्ही हात घालून आपलं चित्र थेट भिंतीवर काढलं. मग बाकीचे थांबतात होय!

"म्हणजे हे सगळं पालकांचं काम?" साहेबांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं.

"होय, साहेब. माल चांगला होता. मेसेज नापास होता."

"आणि मुलांचं आउटपुट?"

मी त्यांच्या पायाकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. कारखान्यात एक सोय असते. वस्तू मापात बसत नाही, पण काम भागवते. मग कुणीतरी मोठा माणूस आपल्या जबाबदारीवर सही करून ती जाऊ देतो. त्याला डेव्हिएशन म्हणतात. मी उमेदीत त्या सहीसाठी कुणाच्या दारात उभा राहिलो नाही.

"डेव्हिएशनवर सोडतो," साहेब म्हणाले. "पुढच्या दिवाळीपर्यंत. अबॅकसला सकाळची वेळ देऊ. आणि साळवी, भिंत धुऊन द्या."

भिंत काही पूर्ण निघालेली नाही. आरवचं चित्र अजून आहे तिथे, पुसट. क्रेट मी हिरवे आणतो म्हटलं, तर सुमन म्हणाली, "राहू द्या लालच. बापांना सवय होऊ दे."

ती पुढची दिवाळी आता आलीय. कमिटी पुन्हा बघणार आहे आणि पालकांना बोलवायचं आहे. मेसेज लिहायला मला कायमची बंदी, त्यामुळे निरोप द्यायला मी घरोघर फिरतोय. परवा सकाळी बी विंगमध्ये माउलीच्या दारात गेलो. बेलवर बोट नेलं आणि बेल दिसेना. तिच्यावरच चारही बाजूंनी टेप मारून तो कागद चिकटवलेला. काळाकुट्ट. नीट पाहिलं तर आतून, वाटीच्या मापाचा, पिवळा गोल अजून जरासा दिसतोय. खाली दोन पांढरे ठिपके.

चित्राखाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. मी बोट मागे घेतलं. चपला काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर, श्वास रोखून, जिन्यापर्यंत आलो. खाली वॉचमन उभा होता.

"काय काका, चपला हातात? कुणाच्या घरातनं पळताय?"

"शू!" मी म्हटलं. "पप्पा झोपलेत."